जागा रिकामी आहे का

बस. त्या स्टुलावर बस, खुर्चीत नको. मघाशी उठताना मी टेबलावर दोनदा टकटक केली आणि ‘रिकामी’ म्हणालो, तेव्हा तू गालात हसलास, बघितलं मी. हस. बायकोही हसते. म्हणते, आता भिंतींशी बोलायला लागलात, उद्या पंख्याशी बोलाल. पण ते मी का म्हणतो हे आजवर कुणाला नीट बसवून सांगितलेलं नाही. तुला सांगतो. शेजारी आहेस, ऐकून घेणारा आहेस, आणि शेवटी तुझ्याकडे एक मागणंही आहे. ते गोष्ट संपल्यावर.

माझी शाळा सातवीपर्यंत. त्यानंतर पंपाच्या मोटारींच्या तारा गुंडाळल्या, मग टीव्ही उघडले, मग कॉम्प्युटर आले तसे तेही उघडले. इंग्रजी मला येतं ते फक्त एररचं. कुणी इंग्रजीत प्रेमपत्र लिहिलं असतं तर वाया गेलं असतं, पण मशीन कशासाठी रडतंय ते मला पहिल्या ओळीत कळतं. त्यातही विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारी मशीनं ही माझी खास बाजू. शिकलेली पोरं तिथे घाम पुसायची आणि मला फोन लावायची.

त्याचं गणित सोपं आहे. मशीनमध्ये नवीन सामान घालायचं, म्हणजे पॅकेज, तर दोन कामं असतात. आधी खोकं आत आणून उघडायचं, मग त्यातलं सगळं जागच्या जागी लावायचं. घर बदलताना टेम्पो खाली झाला म्हणजे घर लागलं असं होत नाही ना, भांडी फळीवर जावी लागतात. आता मध्येच वीज गेली, किंवा कुणी घाईत प्लग उपटला, की अर्धी खोकी उघडी राहतात. मग मशीन हटून बसतं. म्हणतं, आधीचं अर्धवट निस्तरा, मग पुढचं बोला. बरं, हे लावायचं काम एका वेळी एकानंच करायचं असतं. जो करतो तो आतून कडी लावून घेतो. कडी म्हणजे काय, लॉकची एक फाइल. काम झालं की कडी निघते. मध्येच काही झालं तर कडी तशीच राहते आणि बाहेरचे दार बडवत बसतात.

अशी कडी मोडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आत कोण बसलंय त्याला एका ओळीत ठार करायचं, लॉकची फाइल पुसायची, अर्धवट सामान लावायचं, आणि मध्ये मशीन काही विचारेल त्याला हो म्हणायचं. काय विचारलंय ते वाचायचं सुद्धा नाही. चार मिनिटं. धंद्यातले लोक मला कुलूपतोड्या म्हणायचे. मला आवडायचं ते नाव.

तर एके दिवशी सकाळी अंध मुलांच्या शाळेतून फोन आला. त्यांचा स्वतःचा छापखाना होता, ब्रेलचा. जाड कागदावर टिंबं उठवतात ना, तो. मशीन अडलंय, उद्या परीक्षा आहे, लगेच या. स्कूटरला लाथ मारली आणि पावणेअकराला पोचलो.

पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला ती खोली. दारावर पाटी नाही. कडीला सुतळी बांधलेली आणि सुतळीला तीन गाठी. हाताला कळावं म्हणून. आत शिरलो तर अंधूक. बटण दाबलं, दिवा लागला नाही. वर बघितलं तर बल्बवर धुळीचा थर, कधीचा गेलेला असणार. त्या खोलीत कुणाला तो लागतच नव्हता. एकच खिडकी, तीही पश्चिमेला. सकाळचं ऊन नाही, त्यामुळे खोली थंडगार, लादी थंड, टेबल थंड. कोपऱ्यात एक मोठी लाकडी पेटी, आतून जाड कापड लावलेली. त्यात छपाईचं मशीन. ते चाललं की हातोड्यासारखं धडधडतं, म्हणून पेटीत.

"आत या दादा. तीन पावलांवर कागदाचा गठ्ठा आहे, अडखळू नका."

बोलणारी बाई स्टुलावर बसली होती. तिशीची, ताठ मानेची. डोळे मिटलेले, पण मी कुठे उभा आहे ते तिला बरोबर कळत होतं. छपाईचं सगळं त्याच बघायच्या. मी त्यांना ताई म्हणायला लागलो. गठ्ठ्याला वळसा घातला आणि सरळ खुर्चीत बसलो.

"बसलात?"

"बसलो."

"विचारलं नाहीत."

"काय विचारायचं?"

"जागा रिकामी आहे का, ते. या खोलीत बसणारा आधी विचारतो. आणि उठणारा टेबलावर दोनदा वाजवतो आणि ‘रिकामी’ म्हणतो. नाहीतर आम्ही दिवसभर एकमेकांच्या मांडीवर बसू."

"मला दिसतं ताई."

"हो ना. या शाळेत आजवर जेवढे घोळ झाले ते दिसणाऱ्यांनीच केले," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मीही हसलो. पण एक गोष्ट जाणवली. खुर्ची गरम होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. म्हटलं, ताईच बसल्या असतील.

टेबलावर कॉम्प्युटरचा एक जुना पडदा, कीबोर्ड, आणि कीबोर्डच्या पुढे एक चपटी पट्टी. चाळीस बारीक घरांची. पडद्यावर जे लिहून येतं तेच त्या पट्टीवर टिंबांत उठतं. खालून सुया वर येतात, ताई बोटानं वाचतात. सुया हलल्या की पत्र्यावर बारीक खडे पडल्यासारखा आवाज येतो. मी बघतो पडदा, त्या वाचतात पट्टी, मजकूर एकच.

तेवढ्यात दारात मुख्याध्यापिका येऊन उभ्या राहिल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. आत आल्या नाहीत, गठ्ठ्याला अडखळल्या असणार पूर्वी कधीतरी.

"किती वेळ लागेल?" मला विचारलं.

"चहा यायच्या आत."

"पाच वाजेपर्यंत अकरा मुलांचे पेपर माझ्या टेबलावर हवेत. नाही आले तर उद्या मुलांना पेपर वाचून दाखवणारी माणसं बसवते, आणि ही खोली मला कॉम्प्युटरच्या वर्गाला हवीच आहे. ताईंना माहीत आहे."

त्या गेल्या. ताई माझ्याकडे वळल्या.

"वाचून दाखवलं ना दादा, की पोरं प्रश्न स्वतः वाचत नाहीत, दुसऱ्याच्या तोंडाकडे लागून राहतात. पेपर हातात पाहिजे. बोट परत मागे नेता आलं पाहिजे."

"निघतील पेपर. माझ्यावर सोडा."

मशीननं आल्याआल्या नेहमीचं रडगाणं लावलं. आधीचं इन्स्टॉल मध्येच तुटलंय, अमुक कमांड द्या आणि पुरं करा. मशीन स्वतःच औषध सांगतं, आपण फक्त पाजायचं. पाजलं. तर म्हणे कडी लागलेली आहे, आत एक जण आहे, नंबर बावीसशे सात.

म्हटलं, ये बाबा बाहेर. कोण आहे ते बघायला यादी काढली. बावीसशे सात. सुरू झाल्याची वेळ होती अकरा दहा. तारीख मात्र दीड महिन्यापूर्वीची.

"ताई, मशीन कधीपासून चालू आहे?"

"आज सकाळी नऊपासून. त्याआधी चाळीस दिवस सुट्टी होती, शाळेचा मेन स्विच पाडलेला."

आता आज नऊला जन्मलेल्या मशीनच्या पोटात दीड महिन्याचं काम कसं असेल? मी घाबरलो नाही, उलट बरं वाटलं. कारण समजलं ना. आतल्या घड्याळाचा सेल गेला की मशीन तारखा वाटेल त्या सांगतं. माझ्या पिशवीत बटणाएवढे सेल असतातच. मशीन बंद करून झाकण उघडलं, नवा सेल घातला, चालू केलं. घड्याळ बरोबर. आजची तारीख, आजची वेळ.

बावीसशे सात तिथेच. नंबर तोच, तारीख तीच, अकरा दहा.

ठार केलं. गेलं. परत यादी काढली, हजर. लॉकची फाइल पुसली. पुसली गेली. परत बघितली, हजर. असं मी चार वेळा केलं. पाचव्यांदा लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, काय कधी सुरू झालं आणि कधी संपलं. तिथे दीड महिन्यापूर्वीची ओळ होती, ‘सुरुवात’ अशी. तिच्या खाली ‘शेवट’ नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत ‘सुरुवात’, अकरा दहा. तिसऱ्या दिवशी परत. चाळीसच्या चाळीस दिवस. मेन स्विच पाडलेला असताना.

ताईंना माझा श्वास ऐकू येत असणार.

"दीड महिन्यापूर्वी काय झालं होतं इथे?" मी विचारलं.

"मास्तर गेले."

हा छापखाना ज्यांनी उभा केला ते मास्तर. तेही जन्मापासून अंध. बावीस वर्षं त्यांनी तो चालवला, ताई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी ते मशीनमध्ये नवीन पॅकेज घालत होते. ताई स्टुलावर, ते खुर्चीत. बोलता बोलता बोलायचे थांबले, बस. ताईंनी हाक मारली, हात लावला, मग ओरडल्या. माणसं आली, मास्तरांना उचलून खाली नेलं. मशीन एकसारखं टुकटुक करत होतं म्हणून शिपायानं प्लग उपटला.

"किती वाजले होते?"

"अकराचा चहा आलेला. थंड होत होता."

"आणि ही खुर्ची..."

"त्यांची. मी त्यात कधी बसले नाही. आजही नाही. मला स्टूलच बरं."

मी मांडीखाली हात घातला. खुर्ची गरम होती. मी तासभर त्यात बसलेलो, गरम असणारच. पण आल्या क्षणीही गरम होती, आणि खिडकीत ऊन अजून आलेलं नव्हतं.

शेवटचा इलाज माझ्याकडे होता. पेनड्राइव्ह. त्यात मी एक अख्खं वेगळं लिनक्स ठेवतो. ते लावून मशीन सुरू केलं की घरचं लिनक्स झोपलेलंच राहतं, आपण बाहेरून हात घालून पाहिजे ते पुसायचं. झोपलेल्याच्या खिशातून किल्ली काढण्यासारखं. आत कुणी चालू असण्याचा प्रश्नच नाही, कारण घरातलं कुणी उठलेलंच नाही. हे आजवर फसलेलं नाही. मी तसं ताईंना सांगितलं, जरा मोठ्यानंच सांगितलं.

पेनड्राइव्ह लावला. माझं लिनक्स आलं. लॉकची फाइल शोधली, पुसायची ओळ लिहिली, बटण दाबलं.

पडदा कोरा झाला. डाव्या कोपऱ्यात फक्त ती रेघ, लुकलुकणारी.

आणि पट्टीवर खडे पडले.

ताईंचं बोट तिथेच होतं. त्यांनी ते उचललं नाही. "थांब," त्या म्हणाल्या.

"थांबलो."

"मी नाही म्हणत. इथे आलंय. ‘थांब’."

"पडद्यावर काही नाही ताई."

"पट्टीवर आहे."

मी वाकून बघितलं. खरंच पहिल्या चार घरांत सुया उठलेल्या. मला ब्रेल वाचता येत नाही, पण सुया दिसत होत्या. त्यात परत एक गोष्ट. माझ्या पेनड्राइव्हवरच्या लिनक्सला ही पट्टी माहीतच नाही. ती चालवायचं पॅकेज त्यात कधी घातलेलंच नव्हतं.

म्हटलं, पट्टीच बिघडली. वायर सैल असेल. मी मागे हात घालून वायर काढली. त्या पट्टीला वीजही त्याच वायरीतून येते. वायर सुटली की सुया खाली पडायला पाहिजेत.

पडल्या.

मी वायरीचं टोक हातात धरून उभा होतो. टोक ताईंच्या हाताला लावलं, त्यांची खात्री व्हावी म्हणून. खरं तर माझी.

सुया परत वर आल्या. सावकाश. एकेक.

"काय आहे?"

"तेच. ‘थांब’."

तुला वाटेल मी पळालो असेन. नाही पळालो. एक तर जिना लांब होता. आणि दुसरं, ताई बसलेल्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता. कुणीतरी चूक दाखवल्यावर हुशार पोराचा होतो तसा झाला होता.

"दादा, उठा त्या खुर्चीतून."

मी उभाच होतो. पण त्यांना वाटलं मी बसलोय. मी बाजूला सरकलो, त्यांना माझी पावलं ऐकू आली, आणि त्यांची मान एकदम वळली. माझ्याकडे नाही, खुर्चीकडे. कारण मी उठलो तेव्हाचं खुर्चीचं करकरणं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि आत्ता ऐकलं, खुर्चीत कुणी नसताना. मीही ऐकलं.

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. पट्टीवर दोन्ही हातांची बोटं ठेवली.

"मास्तर," त्या म्हणाल्या. रोज बोलतात तशाच आवाजात. "काय राहिलंय?"

सुया खाली गेल्या.

खाली अंगणात पोरं पाढे म्हणत होती.

मग खडे पडले.

"‘माझं ठेव’," ताईंनी वाचलं. परत बोट मागे नेलं, परत वाचलं. "‘माझं ठेव’."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत. मशीनमधलं आहे ते. तुम्ही सांगा."

आणि मला लख्ख कळलं. डोक्यावर टपली मारल्यासारखं. मी पेनड्राइव्ह काढला, घरचं लिनक्स सुरू केलं, आणि जी जागा आजवर कधी उघडून बघितली नव्हती ती उघडली. अर्धवट राहिलेल्या पॅकेजची. तिथे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी होत्या. एक जुनी, एक नवी, जिच्या शेपटीला ‘नवी’ असं जोडलेलं.

ती ब्रेलची फाइल होती. कुठल्या अक्षराला कुठली टिंबं, कुठल्या जोडाक्षराला कुठली, याचं कोष्टक. पॅकेजबरोबर एक तयार कोष्टक येतं. पण मास्तरांनी ते बावीस वर्षं हातानं बदलत आणलं होतं. चौदाशे ओळी. आणि मध्ये मध्ये त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेलं. ‘ही दोन टिंबं लहान बोटांना वेगळी कळत नाहीत, बदलली.’ ‘तिसरीतली मुलगी इथे अडली. तिचं बरोबर होतं.’ मी वाचत होतो, ताई ऐकत होत्या. एका ओळीला त्या म्हणाल्या, "ती मुलगी मी."

आता बघ. हातानं बदललेली फाइल दिसली की लिनक्स नवीन लावताना थांबून विचारतं. तुमची ठेवू की नवी घालू? मास्तर त्या प्रश्नावर बसले होते. उत्तर द्यायच्या आधी गेले. आणि मी कोण? मी तो माणूस, जो त्या प्रश्नाला न वाचता हो म्हणतो. आजवर शेकडो मशीनवर म्हटलं होतं. पहिल्या ठार करण्यात ती कडी निघाली असती ना, तर चार मिनिटांत मी ते बावीस वर्षांचं पुसून, चहा पिऊन गेलो असतो. उद्या अकरा पोरांच्या हातात पेपर असता, आणि बोटाला काही कळलं नसतं.

मी इन्स्टॉल पुरं करायची ओळ परत दिली. पडदा कोरा. तीच रेघ लुकलुकत होती. प्रश्न दिसत नव्हता.

"ताई, विचारतंय बहुतेक. मला दिसत नाही."

त्यांनी बोटं ठेवली. "आहे. तुमची की नवी."

मी उभ्या उभ्याच हात लांबवला. नकाराचं अक्षर दाबलं. जुनीच राहू दे.

रेघ थांबली.

"मास्तर," ताई म्हणाल्या, "जागा रिकामी आहे का?"

मी खुर्चीकडे बघत होतो. फाटलेली गादी, मध्ये खोलगट. त्यात काही नव्हतं.

टेबलावर दोनदा वाजलं.

हलकं. बोटाच्या पेराचं. ताईंचे हात पट्टीवर होते. माझे पोटाशी.

पट्टीवर एक शब्द आला. ताईंनी तो वाचून दाखवला नाही. मीही विचारलं नाही. कुठला ते मला माहीत होतं.

मग पडदा भरायला लागला. एकामागून एक ओळी, लावलं, लावलं, लावलं, नेहमीसारखं, जगातल्या कुठल्याही मशीनसारखं. लॉक नाही. बावीसशे सात नाही. लॉगमध्ये त्या सगळ्या ‘सुरुवाती’, आणि खाली एकच ‘शेवट’.

ताईंनी खुर्चीवर तळहात टेकवला. "थंड झाली," म्हणाल्या, आणि पदरानं चेहरा पुसला. मग घसा खाकरून, "दादा, बसा आता. पेपर काढायचेत."

"जागा रिकामी आहे का?" मी विचारलं.

"शिकलात."

बर्फासारखी थंड होती खुर्ची. मी बसलो, ताईंनी पेपर दिला, लाकडी पेटी धडधडायला लागली. अकरा मुलं, प्रत्येकी नऊ कागद. ताई एकेक पान बोटाखालून काढत होत्या. जोडाक्षरं आली की बोट हळू व्हायचं आणि पुढे जायचं. पावणेपाचला गठ्ठा मोठ्या बाईंच्या टेबलावर. त्यांनी वरचं पान उगीच हातात घेतलं, वाचता येत नसताना, आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटरचा वर्ग खालच्या हॉलमध्येही बसेल म्हणा." ताईंनी ते ऐकून मान इतकी ताठ केली की काय सांगू.

मी खुशीत होतो. पिशवी उचलली, मोठ्या बाईंना रामराम ठोकला, उड्या मारत जिना उतरलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, आज असं कुलूप भेटलं की विचारू नकोस. तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. ताई.

"परीक्षा कशी चाललीये?" मी विचारलं.

"छान. पोरं घडाघडा वाचतायत." मग म्हणाल्या, "दादा, काल उठताना तुम्ही म्हणाला नाहीत."

"काय?"

"रिकामी."

मला आठवेना. मग आठवलं. गठ्ठा घेऊन तसाच उठलो होतो.

"राहिलं खरं."

"मशीन म्हणतंय आत कुणीतरी आहे. शिपायाला वाचायला लावलं. तुमचं नाव आहे." आणि मग हळू आवाजात, "खुर्ची गरम आहे."

स्कूटर कशी नेली ते विचारू नकोस. तीन गाठींची सुतळी, व्हरांड्याचं टोक, अंधूक खोली. ताई स्टुलावर. मी आत गेलो आणि काय केलं माहितीये? आधी आरशात बघतात तसं मी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मी इथे होतो. श्वास लागलेला, घामेजलेला, धडधाकट. आणि हात लावला तर खुर्ची माझ्या अंगाएवढी गरम.

टेबलावर दोनदा वाजवलं. "रिकामी," म्हणालो.

ताईंनी तळहात टेकवला. मान हलवली. नाही.

परत वाजवलं. परत म्हणालो. परत नाही.

तिसऱ्यांदा मी घाईनं नाही म्हटलं. काल काय काय केलं ते सगळं डोळ्यांपुढे आणलं, काही अर्धवट राहिलंय का ते बघितलं. राहिलं होतं. ताईंना मी जाताना येतो म्हणालो नव्हतो. "येतो ताई," म्हटलं. "या दादा," त्या म्हणाल्या. मग दोनदा वाजवून "रिकामी".

खुर्ची करकरली. ताईंनी हात काढला नव्हता. त्यांच्या हाताखालून ती थंड होत गेली, असं त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी कडी मोडत नाही. आधी बघतो आत कोण आहे, काय विचारतोय, आणि प्रश्न वाचल्याशिवाय हो म्हणत नाही. वेळ लागतो. लागू दे. धंद्यातले आता मला कासव म्हणतात. आणि कुठूनही उठताना दोनदा वाजवतो. बँकेतून, न्हाव्याकडून, लग्नाच्या पंगतीतून. लोक बघतात. बघू देत.

आता मागणं. मी सत्तरीला आलोय आणि दिवसाचे दहा तास या खुर्चीत असतो. वेळ आली तर इथेच येणार, माझी खात्री आहे. मास्तरांसारखी, कामात, मध्येच. त्या वेळी बायको रडत असेल, माणसं मला उचलतील, कुणीतरी मशीनचा प्लग उपटेल. कुणाच्या ध्यानात राहणार नाही. तू शेजारी आहेस. तू ये. मशीनवर काय अर्धवट आहे ते बघ, ते पुरं कर, जमलं नाही तर निदान प्रश्न वाच. मग टेबलावर दोनदा वाजव आणि माझ्या नावानं ‘रिकामी’ म्हण. म्हटल्यावर खुर्चीला हात लाव. गरम लागली, तर घाई करू नकोस. जरा थांब, आणि परत म्हण.